संजू राठोड

संजू राठोड हे मराठी पॉप गायक, गीतकार व संगीतकार आहेत. ते जळगाव जिल्ह्यातील धानवड तांड्याचे असून बंजारा समाजातील आहेत. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गुलाबी साडी’ या गाण्यामुळे ते महाराष्ट्राबाहेरही परिचित झाले. चित्रपटाच्या आधाराविना, सुट्या गाण्यांच्या बळावर घडलेली कारकीर्द हे त्यांचे वैशिष्ट्य मानता येते.

पार्श्वभूमी

मराठीत लोकसंगीताचा ठेका आणि पॉप यांचा मेळ नवा नाही. आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे कॅसेटच्या काळात घरोघरी पोहोचले. पुढे वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने मराठी पॉपला नवा श्रोता मिळवून दिला. ‘जत्रा’ (२००६) मधील ‘कोंबडी पळाली’ आणि ‘सैराट’ (२०१६) मधील ‘झिंगाट’ ही गाणी मात्र चित्रपटांमुळे सर्वदूर गेली. राठोड यांची गाणी यूट्यूब, संगीत ॲप आणि रील यांच्या काळातील आहेत.

कारकीर्द

राठोड यांच्या गाण्यांचे संगीत संयोजन प्रामुख्याने त्यांचे बंधू गौरव राठोड करतात. ते ‘जी-स्पार्क’ या नावाने ओळखले जातात. शब्द, चाल आणि गायन संजू यांचे व संयोजन गौरव यांचे, अशी ही विभागणी आहे.

‘नऊवारी’ या गाण्याने त्यांना महाराष्ट्रात ओळख मिळवून दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ प्रकाशित झाले. त्याच्या चित्रफितीत राठोड यांच्यासोबत प्राजक्ता घाग आहेत. सजलेली नायिका प्रियकराला आपले छायाचित्र काढावयास सांगते, एवढाच या गाण्याचा विषय आहे. त्यावर असंख्य रील तयार झाल्या आणि मराठी न समजणाऱ्यांनीही ते उचलून धरले. यूट्यूबवर या गाण्याने १० कोटी दृश्यांचा टप्पा ओलांडला.

त्यानंतर ‘काळी बिंदी’ आले. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘शेकी’च्या चित्रफितीत हिंदी दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री ईशा मालवीय आहेत. या गाण्यालाही देशभर श्रोते लाभले.

शैली

नऊवारी, गुलाबी साडी, काळी बिंदी या शीर्षकांत स्त्रीचा पेहराव व शृंगार केंद्रस्थानी दिसतो. ‘गुलाबी साडी’त नायिकेचे मनोगत पुरुषाच्या आवाजात येते. शाहिरांनी रचलेल्या लावणीतही पुरुष कवी नायिकेच्या मुखाने बोलतो. त्या परंपरेशी याचे साम्य आहे. शब्दरचना बोलीच्या जवळची आणि सोपी असते. ‘शेकी’सारख्या गाण्यात बोलण्यात रुळलेले इंग्रजी शब्दही सहज येतात. लवकर लक्षात राहणारे ध्रुवपद आणि नाचता येईल असा ठेका हे या गाण्यांचे मुख्य घटक आहेत.

ध्वनिमुद्रण व प्रसार

कॅसेटच्या काळात लोकगायकाला बहुधा ध्वनिमुद्रणाचे एकरकमी मानधन मिळे. पुढील विक्रीचा लाभ मुख्यतः कंपनीकडे जाई. स्वतः गाणे लिहून चाल लावणाऱ्या कलावंताची स्थिती वेगळी असते. स्वामित्व हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले. त्यामुळे एकच व्यक्ती गीतकार, संगीतकार आणि गायक असणे ही केवळ कलात्मक बाब राहत नाही. गाणे पुढे किती काळ व कोणाला उत्पन्न देणार, याच्याशीही तिचा संबंध येतो.

खानदेशाच्या संदर्भात

जळगाव व धुळे जिल्ह्यांत अहिराणी मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलतात. अहिराणी गाण्यांची स्वतंत्र बाजारपेठ यूट्यूबवर उभी राहिली असून ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणे खानदेशाबाहेरही गाजले. राठोड यांची गाजलेली गाणी मात्र महाराष्ट्रभर समजेल अशा मराठीत आहेत. एकाच प्रदेशातून निघालेल्या या दोन वाटा आहेत. एक बोलीचा बाज कायम ठेवून बाहेर पोहोचते, तर दुसरी सर्वांना परिचित भाषेतून. खानदेशातील कलावंताने मुंबईच्या चित्रपटसृष्टीवर अवलंबून न राहता देशव्यापी श्रोता मिळवणे शक्य आहे, हे दोन्हींतून दिसून आले.

निवडक गाणी

- नऊवारी
- गुलाबी साडी (२०२४)
- काळी बिंदी
- शेकी (२०२५)