दवाखाना पाडण्याआधी त्याचा नकाशा वाचा

‘दवाखान्यांच्या इतिहासावर पीएचडी? त्यात शोधायचं काय असतं?’ हा प्रश्न मला घरीदारी सगळे विचारतात. उत्तरासाठी आज ठाण्याला जाऊ या.

जळगावहून रेल्वेने मुंबईला जाताना ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये प्रादेशिक मनोरुग्णालयाची जागा आहे. अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चारच : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या खान्देशात एकही नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा मात्र आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने हे रुग्णालय उभं राहिलं. त्या काळच्या अशा संस्थांचा आराखडा साधारण ठरलेला असे. गावाबाहेरची जागा, सुटे सुटे वॉर्ड, मध्ये झाडं, रुग्णांना काम म्हणून बागशेती आणि भोवती उंच भिंत. म्हणजे मोकळी जागा ही ‘उरलेली’ जागा नव्हती, ती उपचाराचाच भाग होती. आणि भिंत सांगते की उपचारासोबत कैदही होती. 1912 च्या कायद्याच्या तर नावातच ‘ल्युनसी’ होतं. हे सगळं कागदांइतकंच जमिनीवर लिहिलेलं असतं.

पुढे शहर भिंतीपर्यंत आलं. याच जागेतून नवं रेल्वे स्टेशन करायचं ठरलं. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर बंदी घातली. 2023 मध्ये ती उठवली. शिवाय बेंगळुरूच्या निम्हान्सच्या धर्तीवर पूर्ण पुनर्विकासाची योजना आली.

तुम्ही म्हणाल, मग रुग्णांना चांगल्या खोल्या नकोत का? हव्यातच! 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्वच्छ, सुरक्षित जागा आणि खासगीपणा हा रुग्णाचा हक्क मानलाय. गळक्या वॉर्डात माणसं ठेवून वारसा जपता येत नाही. पण ज्या निम्हान्सचं नाव घेतलं जातं, तीही जुन्या वेड्यांच्या इस्पितळातूनच वाढलेली संस्था, आणि तिने आपल्या इतिहासाचं संग्रहालय केलंय. म्हणजे दोन्ही जमतं.

अडचण कुठे येते? मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. इमारतींची यादी होते, श्रेणी ठरते. यादीत नाव नसेल तर इमारत शंभर वर्षांची असली तरी ती पाडण्याच्या आड फारसं काही येत नाही. आणि दवाखान्यांकडे ‘वारसा’ म्हणून बघायची आपल्याला सवयच नाही. किल्ला, मंदिर, वाडा इथवरच आपली नजर जाते.

आता घराकडे या. धुळ्यात हिरे वैद्यकीय महाविद्यालय चक्करबर्डीला आहे. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये सिव्हिलच्या आवारात सुरू झालं आणि त्याचं नवं संकुल चिंचोलीला ठरलंय. नवं झालं की गावातल्या मोक्याच्या जुन्या आवाराचं काय, हा प्रश्न येणारच. तो टेंडर निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पाडायचं असेल तरी आधी मोजा, नकाशे काढा, फोटो घ्या, रुग्णांची नावं उघड न करता जुनी रजिस्टरं जपा. आणि तुमची आजी सिव्हिलमध्ये नर्स किंवा दाई असेल, तर आजच तिच्याजवळ बसा. कुठला वॉर्ड कुठे होता, हे तिला पाठ असेल. नकाशाची सुरुवात तिथूनही होते.