नो क्लेम बोनसचा इतिहास आणि 'माफी'चा हिशोब

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. जालन्यात गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला बसलो की एजंट विचारतो, "एनसीबी प्रोटेक्ट टाकायचं का?" म्हणजे थोडे पैसे जास्त भरा, मग वर्षात एखादा क्लेम घेतला तरी नो क्लेम बोनस शाबूत राहील. अमेरिकेत अशाच सोयीला 'अपघात माफी' म्हणतात. ही माफी विकत घ्यावी का? त्याआधी हा बोनस कसा घडला ते बघू.

मोटार विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. ती सक्ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून आली. आपलं जालना तेव्हा निजामाच्या संस्थानात. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे थेट चालत नव्हता. आणि लक्षात घ्या, सक्ती होती ती रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी, म्हणजे थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक होता, आजही आहे.

१ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर टॅरिफने ठरलेले, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, भाव एकच. मग सांभाळून चालवणारा आणि बेफिकीर यांच्यात फरक करायचा कसा? ते काम बोनसने केलं. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधली पायरी आजही चालते: बिनक्लेमच्या वर्षांना अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्य. ही सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. आणि बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

यातून एक सवय लागली. बंपर घासला, आरसा फुटला, तर लोक खिशातून पैसे देतात आणि बोनस वाचवतात. विमागणितात याला 'बोनसची भूक' म्हणतात. २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. मग कंपन्यांनी निरनिराळी अॅड-ऑन आणली. बोनस गमावण्याची जी भीती होती, तिच्यावरही विमा मिळू लागला.

आता हिशोब. समजा, सूट धरण्याआधीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर आहे. क्लेम घेतला तर पुढची पाच वर्षं ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट हुकते. बेरीज १२५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. गाडी जुनी होईल तशी तिची किंमत आणि प्रीमियम उतरतो, म्हणून खरा तोटा याहून कमीच. नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षी क्लेम घेतला, तर हीच बेरीज ५० टक्के, म्हणजे ६,००० रुपये येते.

प्रोटेक्टला वर्षाला ९०० रुपये पडत असतील, तर १५,००० च्या तोट्यासमोर ते साधारण सोळा-सतरा वर्षांत एक क्लेम एवढं पडतं. तुमचे क्लेम याहून दुर्मिळ असतील तर पैसे वाया. वारंवार असतील तर फायदा, कारण लहान नुकसानीचाही क्लेम मग निर्धास्त घेता येतो.

गाडी आठवड्यातून दोनदा बाजारात नेणाऱ्याला हे नकोच. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आपल्या जिल्ह्यातून जातो. धंद्यासाठी त्यावर सतत धावणाऱ्या, ५० टक्के बोनस असलेल्या माणसाने मात्र विचार करावा.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. वर्षात किती क्लेम माफ? कंपनी बदलली तर राखलेला बोनस नवी कंपनी मानेल का? आणि बोनस शाबूत ठेवून मूळ प्रीमियमच वाढवणार नाही ना? दर मोकळे आहेत, म्हणून हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. शिवाय पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर एकही क्लेम न घेता बोनस जातो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा; त्याला एक रुपयाही लागत नाही.