नरकाला मुदत आहे काय?

आपल्या पुराणांतली नरकवर्णने कमी भयंकर नाहीत. पण तेथील मुक्कामाला मुदत असते. पाप भोगून संपले की जीव पुन्हा जन्माच्या फेऱ्यात येतो. (मध्वाचार्यांनी काही जीवांना कायमचे अंधतमस सांगितले, हा अपवाद.) म्हणूनच ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या तोंडून अनंत नरकाची गोष्ट ऐकली की आपण दचकतो, आणि त्या धर्माचे याबाबतीत एकच मत असावे असे धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने हा प्रश्न धीटपणे मांडला. त्याचा बाप धर्मासाठी मारला गेला होता. पुढे म्हातारपणी त्यानेही बादशहा डेशियसच्या अमलात तुरुंगातला छळ सोसला. शिक्षेची धास्ती नसलेला हा माणूस म्हणे, ईश्वराची शिक्षा सुडाची नव्हे, वैद्याच्या कडू औषधासारखी आहे. नरकात जळते ते पाप्याच्याच दुष्कृत्यांचे सरपण. शेवटी ईश्वर सर्वांत सर्व होईल असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे; मग एखादा जीव कायमचा बाहेर राहील कसा? पुढल्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने, मरणशय्येवरील बहिणीशी झालेल्या संवादाच्या रूपाने, हाच विचार मांडला आणि हिणकस सोने आगीत शुद्ध होते त्याचा दाखला दिला.

ऑगस्टिनला हे मान्य नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुण्यवंतांचे जीवन आणि पाप्यांची शिक्षा या दोहोंना एकच विशेषण आहे. शिक्षा संपणारी मानली तर स्वर्गसुखही संपणारे ठरेल, असा त्याचा बिनतोड वाटणारा मुद्दा. मूळ ग्रीक शब्द ‘आयोनिओस’. तो ‘आयोन’ म्हणजे युग यापासून झाला आणि आपल्या ‘आयुस्’चा सख्खा भाऊबंद आहे. युगाची शिक्षा की अंतहीन शिक्षा? केवळ कोशाच्या आधाराने हा वाद मिटेल असे आम्हांस वाटत नाही.

तो मिटविला बादशहा जस्टिनियनने. इ. स. ५४३ मध्ये त्याने ऑरिजेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढले. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने पाखंड्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. तेव्हा त्याला मरून तीनशे वर्षे झाली होती! उत्तर देणार कोण? ग्रेगरीला मात्र कोणी हात लावला नाही; उलट ७८७ च्या परिषदेत ‘पित्यांचा पिता’ म्हणून त्याचा गौरव झाला.

तरीही प्रश्न मेला नाही. १८७७ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत फ्रेडरिक फॅरार यांनी यावरच प्रवचने दिली आणि एकच गदारोळ उडाला. हे गृहस्थ १८३१ साली आपल्या मुंबईत जन्मले. वडील नाशकात काम करणारे मिशनरी. संतांचे ठीक, पक्क्या दुष्टांचेही एक वेळ राहू द्या; पण धड संत नाहीत की राक्षस नाहीत, अशा आपल्यासारख्या असंख्यांचे काय, असे फॅरारनी विचारले. सगळे तरतीलच अशी ग्वाही त्यांनी दिली नाही. आशेचे दार लावून घेण्याचा अधिकार मात्र त्यांनी कोणालाच दिला नाही. ऑक्सफर्डच्या वृद्ध प्यूझींनी १८८० मध्ये ग्रंथ लिहून अनंत शिक्षेची बाजू घेतली. पण बहुसंख्य मानवजात नरकातच जाते असे मानणे हा श्रद्धेचा भाग नव्हे, एवढे त्यांनीही त्यातच लिहून ठेवले.