वत्सगुल्माची माती आणि चीनचा शेतकरी

वाशीम शहराजवळ हिस्से-बोराळा नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या शिलालेखात शके 380, म्हणजे इसवी सन 458, असे वर्ष दिले असून वाकाटक नृपती देवसेन याचा अधिकारी स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचे सरोवर निर्माण केल्याची नोंद आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची कालगणना निश्चित करण्यासाठी अभ्यासक या लेखाला फार महत्त्व देतात. सरोवर बांधविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्यामुळे आपणांस ठाऊक आहे. ते ज्यांनी खोदले त्यांचे नाव कोणत्याच शिळेवर नाही.

याच देवसेनाचा पुत्र हरिषेण आणि हरिषेणाचा सचिव वराहदेव. अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे वराहदेवाने भिक्षुसंघास दान दिले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. ज्या महसुलावर हे दान उभे राहिले त्यातील काही वाटा याच काळ्या मातीतून गेला असेल, असे मानावयास हरकत नसावी. पुढे सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, पुलकेशीच्या राजवटीत, चिनी भिक्षू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. येथील जमीन सुपीक आहे, ती नियमाने कसली जाते आणि पीक भरपूर येते, असे त्याने लिहून ठेवले. सुमारे 100 संघाराम आणि 5,000 भिक्षू असल्याची त्याची नोंद आपण वारंवार उद्धृत करतो. जमिनीविषयीची त्याच्या आधीची वाक्ये मात्र सहसा वगळतो.

एका चिनी भिक्षूने आपल्या शेतीविषयी लिहिले. त्याच्या देशातील शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. चीनविषयी आपल्याकडे एक तर सीमेवरील शत्रू म्हणून बोलले जाते, नाही तर कारखान्यांचा चमत्कार म्हणून. पण वाशीम जिल्ह्यातील भूमिहीन बौद्ध मजुराचे जीवन ज्या पिकाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पालटून टाकले, ते पीक मूळचे चीनचेच आहे. म्हणून सोयाबीनच्या वाटेनेच आम्ही हा विषय मांडणार आहोत.

सोयाबीन प्रथम उत्तर चीनमध्ये लागवडीखाली आले. चिनी बौद्ध संस्कृतीशी त्याचा संबंध जवळचा आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्षुसंघास मांसाहार निषिद्ध केला. त्यानंतरच्या शतकांत सोयाबीनच्या दुधापासून केलेले पनीर, ज्यास चिनी लोक दोउफू म्हणतात, विहारांच्या भोजनातील मुख्य पदार्थ झाले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्या विनयात भिक्षूने भूमी खणणे हा पाचित्तिय दोष मानला आहे. परंतु आठव्या शतकातील ध्यान-संप्रदायाचे आचार्य पाइचांग यांच्या परंपरेने भिक्षूंना शेतात काम करणे बंधनकारक केले, आणि ते स्वतः वृद्धापकाळापर्यंत कुदळ चालवीत राहिले असे सांगतात. विनयाचा शब्द येथे मोडला हे खरे, पण श्रम करणाऱ्यास हीन समजण्याच्या वृत्तीवरही घाव बसला. ज्या देशात श्रम जन्मावर वाटले गेले, तेथील बौद्धांनी या परंपरेचा अभ्यास अधिक आस्थेने करावयास हवा.

विदर्भात सोयाबीन फार उशिरा आले. 1935 च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी त्याचे आहारप्रयोग करून पाहिले, पण शेतकऱ्याने ते पीक उचलले नाही. पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांच्या संशोधनानंतर ते प्रथम मध्य प्रदेशात पसरले आणि तेथून वऱ्हाडात उतरले. 1994 साली प्रसारित झालेल्या जेएस-335 या वाणाने उरलेली ज्वारीही मागे सारली. आज वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा यांपैकी कोणत्याही तालुक्यात खरिपात जा. बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन दिसते. गंमत अशी की ते येथे कोणी फारसे खात नाही. दाणे तेलाच्या कारखान्यात जातात, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी जाते, आणि गावात राहते ते कुटार.

ज्वारीचे पीक मजुराला दोन गोष्टी देत असे: मजुरीत मिळणारे धान्य आणि जनावरासाठी कडबा. सोयाबीनने रोख पैसा दिला, पण तो शेतमालकाला. मजुराला मिळाली ती गुत्त्याने घेतलेली सोंगणी, तीही वीस-पंचवीस दिवसांची. पूर्वी निंदणाच्या कामावर बायांचे महिने निघत. तणनाशक आले आणि ते काम गेले. हार्वेस्टर आले आणि सोंगणीही गेली. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार होती आणि तीत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 19 टक्के, राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक. यांतील बहुसंख्य बौद्ध आहेत आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे भूमिहीन किंवा एक-दोन एकरांची धनी आहेत. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होते. 2018 साली देशातील मागास म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही वाशीम आहेच. या दोन्ही याद्यांत शेतकरी दिसतो. मजूर शोधावा लागतो.

जमिनीचा हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी हाती घेतला होता. 1918 साली त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांच्या गटांना जातिधर्माचा भेद न करता कसावयास द्यावी आणि गावात जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर असे भेदच उरू नयेत, अशी मागणी केली. ही व्यवस्था संविधानातच लिहिली जावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताच्या मर्जीवर ती राहणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ती मागणी मान्य झाली नाही.

तीन वर्षांनी, 1950 साली, चीनने जमीन सुधारणेचा कायदा केला. दोन-तीन वर्षांत सुमारे 30 कोटी शेतकऱ्यांना जमीन मिळाली. लाखो जमीनदार मारलेही गेले. आमच्यातील काही मंडळींना या बातम्यांचे त्या काळी मोठे आकर्षण वाटले, आणि ते स्वाभाविक होते. ज्याच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबून भाकर मिळविली त्याला अशा बातमीने आनंद व्हावा यात नवल नाही. बाबासाहेबांना हे आकर्षण दिसत होते. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स हाच विषय घेतला. खाजगी मालमत्तेतून दुःख निर्माण होते याविषयी दोघांत मतभेद नाही. मार्गाविषयी आहे, आणि हिंसा व हुकूमशाही यांनी मिळविलेले टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोन आठवड्यांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

चीनमध्ये पुढे जे घडले ते त्यांना पाहावे लागले नाही. 1958 साली शेतकऱ्यांना मिळालेली जमीन कम्यूनमध्ये विलीन करण्यात आली. त्याच वर्षी चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या गेल्या आणि कीड वाढली. प्रत्यक्षात धान्य नसताना भरघोस पिकाचे आकडे वर कळविले गेले, त्या आकड्यांवर सरकारने वसुली केली, आणि 1959 ते 1961 या काळात उपासमारीने मेलेल्यांची संख्या दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत वेगवेगळी सांगितली जाते. खोटा आकडा खोटा आहे असे म्हणण्याची सोय खेड्यातील माणसाला नव्हती. 1978 च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील शियाओगांग गावच्या 18 कुटुंबांनी जमीन आपसांत वाटून कसण्याचा गुप्त करार केला तेव्हा पकडले गेल्यास तुरुंगात जाण्याची तयारी ठेवूनच केला. पुढे सरकारने तीच पद्धत देशभर स्वीकारली. कम्यून गेले. जमीन आजही गावाच्या सामूहिक मालकीची आहे आणि कसण्याचा हक्क कुटुंबाकडे कराराने आहे.

म्हणजे तेथे शेतकऱ्याला जमीन मिळाली आणि बोलण्याचा हक्क मिळाला नाही. येथे 26 जानेवारी 1950 पासून प्रौढ मताचा हक्क मिळाला, आणि जमीन मिळाली नाही. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या, हे दोन्हीकडचे इतिहासकार सोयीने विसरतात.

मजूर गावात राहू शकला नाही की तो शहराकडे निघतो. चीनमध्ये 1958 च्या कायद्याने प्रत्येक माणसाची नोंद गावाशी बांधली गेली. तिला हुकोउ म्हणतात. शहरात वीस वर्षे राबलेल्या माणसाची नोंद खेड्यातलीच राहते, आणि त्याच्या मुलाला शहरातील सरकारी शाळेत प्रवेश मिळविताना कागदपत्रांचे डोंगर ओलांडावे लागतात. विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षाही सामान्यतः मूळ प्रांतातच द्यावी लागते. म्हणून आईबाप शहरात आणि मुले आजीआजोबांकडे खेड्यात, असे घडते. 2016 साली चिनी सरकारने अशा ग्रामीण मुलांची संख्या 90 लाख 20 हजार दिली. त्यांत आईवडील दोघेही बाहेर आहेत, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळण्यास असमर्थ, अशीच मुले धरली होती. त्यातच 2001 पासून लहान गावांतील शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याचे धोरण आले. मैलोन्मैल चालणारी मुले आणि शाळा सोडणारी मुले पाहून 2012 साली ते थांबवावे लागले.

हे वाचताना वाशीमच्या वाचकाला आपल्याच गावाची आठवण झाली तर आश्चर्य नाही. दिवाळीनंतर सोयाबीनची मळणी आटोपते आणि वस्तीतील घरांना कुलपे लागतात. कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी मुंबईला, कोणी सुरतेला, कोणी वीटभट्टीवर. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर आजीच्या म्हातारपणाच्या आधाराने वाढतात. 2017 साली महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, 2023 मध्ये समूहशाळांचा विचार पुढे आला. चीनने सोडून दिलेला प्रयोग आपण नव्याने का करावा, हे आम्हांस समजलेले नाही.

आपल्याकडे हुकोउ नाही, असे कोणी म्हणेल. कायद्याने नाही, हे खरे. संविधानाने कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की एका राज्यातील अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाला तर त्या राज्यात त्याला त्या जातीच्या सवलती मागता येत नाहीत. वाशीमहून सुरतेला गेलेल्या बौद्ध मजुराची वस्ती तेथे निराळी असते, वागणूक निराळी असते. सवलत तेवढी वेशीवर थांबते. आणि महाराष्ट्रातच जातीचे प्रमाणपत्र काढावयाचे तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, त्याने तो कोठून आणावा?

आता मातीविषयी. सोयाबीनची मायभूमी असलेला चीन 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत या पिकात स्वयंपूर्ण होता. लोकांचे मांसाहाराचे प्रमाण वाढले, डुकरे-कोंबड्यांना ढेप लागू लागली, आणि 2020 साली चीनने 10 कोटी टनांहून अधिक सोयाबीन आयात केले. त्यासाठी ब्राझीलमधील जंगले आणि गवताळ माळ नांगरले गेले. चीन किती विकत घेतो यावर शिकागोचा भाव हलतो आणि त्याचे पडसाद वाशीम व कारंजाच्या बाजार समित्यांत उमटतात. 2021 च्या पावसाळ्यात क्विंटलला 10 हजारांच्या आसपास गेलेला भाव 2024 च्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होता.

दरम्यान चीनच्या स्वतःच्या जमिनीचे काय झाले? सरकारने देशव्यापी माती-सर्वेक्षण केले. 2013 साली एका वकिलाने त्याचे निष्कर्ष मागितले, तेव्हा ते राज्याचे गुपित आहे असे उत्तर मिळाले. लोकक्षोभ वाढल्यावर एप्रिल 2014 मध्ये ते जाहीर झाले: शेतजमिनीच्या तपासलेल्या ठिकाणांपैकी 19.4 टक्के ठिकाणी प्रदूषण मर्यादेबाहेर होते, आणि त्यात कॅडमियमचा वाटा मोठा होता. स्वतःच्या भातात काय आहे हे जाणून घेण्यासाठी शेतकऱ्याला थांबावे लागले.

आपल्याकडे मातीचा अहवाल गुपित नाही. मृद आरोग्य पत्रिका मिळते. मात्र ती सातबारा असणाऱ्याला. पीकविमा सातबाऱ्यावर, अतिवृष्टीची भरपाई सातबाऱ्यावर. 2023 साली पिवळ्या मोझॅकने सोयाबीन वाळले तेव्हा पंचनामे झाले ते शेताचे. त्या शेतातील सोंगणी बुडालेल्या मजुराचा पंचनामा करण्याची रीत नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. पाठीवर पंप घेणारा त्या शेताचा मालक असतोच असे नाही.

जमिनीसाठी आपल्या लोकांनी लढा दिला नाही असे नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाने 2004 साली शासनाने योजना काढली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, आणि 2018 पासून पूर्ण अनुदानावर. योजना चांगली आहे. अडचण एवढीच की शासनाने ठरविलेल्या दरात जमीन विकावयास फारसे कोणी पुढे येत नाही.

राहिली ई-क्लासची जमीन. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीयांचे अतिक्रमण नियमित करावयाचे होते. अनेकांची प्रकरणे अद्याप कागदावर आहेत, आणि 2022 च्या अखेरीस उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिल्यावर या कुटुंबांनाही नोटिसा मिळू लागल्या. कसल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे काय असते? तलाठ्याने वेळोवेळी केलेल्या दंडाच्या पावत्या. या जिल्ह्यातील काही घरांत आम्ही त्या पाहिल्या आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीमागे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या. शाई उडालेली, पण वर्ष वाचता येते, आणि दंडाची रक्कमही.