हिशेबाबाहेरच्या पट्ट्या

कॅनडातल्या क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कोसळला. पुलावर तेव्हा 86 माणसे होती. त्यांपैकी 75 दगावली. मृतांत 33 जण मॉन्ट्रियलजवळच्या काह्नवाके वस्तीतले मोहॉक कामगार होते. ही दुर्घटना बहुधा सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्या अहंकाराची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि तिला पुरावाही भरपूर आहे. 1900 मध्ये कूपर यांनी पुलाचा मधला गाळा 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला. त्यामुळे खांब उथळ पाण्यात येणार होते, शिवाय स्कॉटलंडच्या फोर्थ पुलाचा विक्रमही मोडणार होता. आपले काम सरकारी अभियंत्याने तपासावे हे त्यांना रुचले नाही, आणि पोलादी सांगाडा चढत असताना ते न्यूयॉर्क सोडून तिकडे एकदाही फिरकले नाहीत. तरीही दोषी माणूस सापडला म्हणून चौकशी संपत नाही. पूल नेमका कुठून गेला हे पाहिले, की एका अख्ख्या व्यवसायाची सवय उघडी पडते: जो भाग जेवढा भार वाहतो, तेवढीच त्याची किंमत करायची.

मोडला तो दक्षिण बाजूचा, खालच्या अंगाचा एक दांडा. आराखड्यात त्याची खूण होती ए-9-एल. अशा कँटिलिव्हर पुलात वरचे दांडे ताणले जातात, खालचे दाबले जातात. ताणलेला दांडा सरळच होत जातो, म्हणून पोलादाची ताकद आणि छेदाचे क्षेत्रफळ माहीत असले की त्याचा हिशेब पुरा होतो. दाबलेल्या दांड्याचे तसे नाही. लाकडी फूटपट्टी दोन टोकांनी दाबली तर लाकूड चिरडण्याच्या कितीतरी आधी ती बाजूला बाक घेते, आणि एकदा बाक आला की तोच दाब तिला आणखी वाकवतो. हेच बकलिंग. सडपातळ दांड्याच्या बाबतीत ही मर्यादा पदार्थाच्या ताकदीवर नाही, तर त्याचा ताठपणा, लांबी आणि छेदाचा आकार यांवर ठरते, हे लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्येच दाखवले होते. लांबी दुप्पट झाली की मर्यादा चौथाईवर येते. ए-9-एल सुमारे 57 फूट लांब आणि साडेचार फूट उंच होता, पण एकसंध नव्हता. पोलादी पत्रे रिव्हेट करून उभ्या केलेल्या चार भिंती आणि त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या, म्हणजे लेसिंग, असा तो घडवला होता. चारही भिंती मिळून वाकण्याला विरोध करतील, तरच दांडा कागदावर दिसतो तेवढा ताठ. लेसिंगने दगा दिला की उरतात चार सुट्या, सडपातळ भिंती. पण पुलाचा भार भिंतींतून जाणार असल्याने हिशेबात लेसिंगच्या वाट्याला जवळपास काहीच येत नव्हते. पूल मोठा झाला तशा भिंती जाड होत गेल्या, पट्ट्या मात्र किरकोळच राहिल्या.

यावर पहिला आक्षेप असा, की पूल वजनाने पडला, पट्ट्यांनी नाही. गाळा 200 फुटांनी वाढला तरी पुलाचे स्ववजन नव्याने काढले गेले नव्हते. 1906 च्या सुरुवातीला खरे वजन उघड झाले, तोवर बरेच पोलाद घडवून झाले होते. ताण 7 ते 10 टक्क्यांनी वाढेल हे मान्य करून कूपर यांनी काम चालू ठेवले. ही चूक गंभीरच होती. पण पूल पडला तेव्हा त्यावर आगगाड्या धावत नव्हत्या, मधला गाळाही पुरा झाला नव्हता. म्हणजे ज्या भारासाठी तो आखला होता तो अजून यायचाच होता. अपघातानंतर तशाच घडणीच्या लहान नमुन्यांवर चाचण्या घेतल्या, त्यांतही आधी लेसिंगनेच मान टाकली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे ज्ञान तेव्हा होते तरी कुठे? दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या हेन्री होलगेट, जॉन केरी आणि जॉन गॅलब्रेथ यांच्या शाही आयोगाने खालच्या दांड्यांच्या सदोष रचनेवर बोट ठेवले, आणि पोलादी स्तंभांविषयी व्यवसायाचे ज्ञानच अपुरे असल्याचेही नोंदवले. तेवढ्यापुरते ते खरे आहे; इतक्या मोठ्या दांड्याची चाचणी कुणी घेतलीच नव्हती. पण धोक्याची दिशा अज्ञात नव्हती. 1891 मध्ये स्वित्झर्लंडमधला म्युन्शेनश्टाइनचा रेल्वेपूल कोसळून 70 हून अधिक माणसे मेली. त्यानंतर लुडविग टेटमायर यांनी झुरिकच्या प्रयोगशाळेत दाबाखालच्या दांड्यांचा कसून अभ्यास केला. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीड्रिश एंगेसर यांनी, जोडून घडवलेल्या दांड्याची बांधणी सैल असेल तर त्याची मर्यादा किती खाली येते, याचे गणितही मांडले. अपुऱ्या ज्ञानाचा अर्थ जास्त सावध राहणे असाही लावता आला असता. भिंतींबाबत सूत्रे वापरली गेली, पट्ट्यांबाबत अंदाज चालवून घेतला गेला, हा फरक अज्ञानाने समजावता येत नाही.

ऑगस्टमधल्या घडामोडीही हेच सांगतात. कूपर यांचे निरीक्षक नॉर्मन मॅक्ल्युअर यांनी 27 तारखेला मोजले तेव्हा ए-9-एलचा बाक दोन इंचांवर गेला होता. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंचाच्या आसपास होता. दोन इंच म्हणजे 57 फुटांत क्षुल्लकच, आणि हा बाक चढवण्याआधीचाच, असे बांधणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. पण बकलिंगमध्ये किती इंच यापेक्षा किती वेगाने, हा प्रश्न मोठा. मॅक्ल्युअर न्यूयॉर्कला गेले. कूपर यांनी भार वाढवू नका अशी तार पाठवली, तीही पुलावर न पाठवता पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीला. तिथे निर्णय दुसऱ्या सकाळवर ढकलला गेला. तार थेट पोहोचली असती तर पूल वाचला असता का, हे सांगता येणार नाही. माणसे मात्र बहुधा वाचली असती.

हा धडा एकदाच शिकून झाला, असेही नाही. 15 ऑक्टोबर 1970 रोजी मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलावर पोलादी पत्र्याला आलेला फुगवटा बसवण्यासाठी जोडाचे बोल्ट काढले जात होते. गाळा कोसळला आणि 35 जण मेले. तिथेही फुगवटा सगळ्यांना दिसत होता, पण तो सपाट करून टाकायची एक बारीकशी अडचण मानला गेला. आज आयएस 800 या भारतीय मानकानुसार दांड्यातल्या भाराच्या किमान 2.5 टक्के इतका आडवा जोर लेसिंगने पेलायला हवा, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी ही आकडेमोड हातासरशी करून टाकतात. एवढ्याशा टक्केवारीने पट्ट्यांना हिशेबात जागा मिळाली, हे मोठेच काम झाले. पण नियमाने संरक्षण मिळते ते त्याच्या आवाक्यातल्या रचनेला. गाळा, उंची किंवा घडण त्यापलीकडे जाते, तेव्हा कोणता भाग आपण बिनहिशेबी सोडला आहे, हे प्रत्येक आराखड्यात नव्याने शोधावे लागते.