मोठेपणी लहानपणचे खेळ आणि संग्रहाचा छंद: आरोग्याच्या दृष्टीने काय लक्षात ठेवावे?

पन्नाशीतला गृहस्थ रविवारी सोसायटीतल्या मुलांबरोबर गोट्या खेळतो, काड्यापेट्यांचे छाप अजून वहीत चिकटवतो. घरच्यांना हसू येते, कधी काळजीही वाटते. "डॉक्टर, यांना मानसिक काही नाही ना?" हा प्रश्न दवाखान्यात हळू आवाजात विचारला जातो. लहानपणची आवड मोठेपणी टिकून राहणे हा आजार नाही. उलट, अशी आवड अचानक सुटली तर मी जास्त चौकशी करतो.

आवड सुटणे हे लक्षण असू शकते

वीस वर्षे नेमाने कॅरमच्या अड्ड्यावर जाणारा माणूस जाणे बंद करतो. घरचे म्हणतात, "वय झालं." पण कशातच आनंद न वाटणे हे नैराश्याचे एक प्रमुख लक्षण आहे. कमी ऐकू येणे, मोतीबिंदू, हाताचा कंप, लघवीवर ताबा नसल्याची लाज ही कारणेही निघतात आणि त्यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. पत्त्यांत हुकूम कोणता हे पुन्हा पुन्हा विसरणे किंवा हिशेब चुकणे ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशातच लागत नसेल तर तपासणी करून घ्या.

खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००३ साली ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पटावरचे खेळ, वाचन, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये पुढील काळात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण मेंदूत आजार सुरू झाल्यामुळेच काहींनी खेळ सोडला असेल, ही शक्यता अशा अभ्यासांत पूर्णपणे वगळता येत नाही. त्यामुळे 'रोज बुद्धिबळ खेळा, विसरणे थांबेल' असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका. चार माणसांत बसणे होते, हा फायदा मात्र खरा आहे.

मैदानी खेळात जपायच्या गोष्टी

मन पंधरा वर्षांचे असले तरी टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, पंचेचाळीस वर्षांची असते. शाळेच्या स्नेहमेळाव्यात वॉर्म-अप न करता लगोरी किंवा आट्यापाट्या खेळताना ती तुटू शकते. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, 'कट' असा आवाज येतो आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. चालता येते म्हणून पुष्कळ जण मलम चोळत बसतात. तसे न करता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी हा धोका वाढतो; साठीनंतर आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत विशेष. ती औषधे चालू असताना आणि नंतर काही आठवडे धावाधाव नको.

विटी डोळ्याला लागली तर डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका, घरातले थेंब घालू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप टेकवून थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्या. पतंगासाठी नायलॉन मांजा नकोच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

गुडघेदुखी असेल तर उकिडवे बसून गोट्या खेळण्याचा हट्ट सोडा, स्टुलावर बसून कॅरम खेळा. साठीनंतर लंगडीची हौस भिंतीला हात टेकून भागवावी. तोल सांभाळण्याचा व्यायाम म्हणून ती वाईट नाही.

संग्रह आणि घरातली लहान मुले

जुन्या तिकिटांच्या अल्बमात डांबरगोळ्या ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मुलाने ती गिळली तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात; जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना हा धोका फार मोठा. नातवंडे येत असतील तर डांबरगोळ्या काढून टाका. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ती बघायला द्या, तोंडात घालायला नको. बटणासारखी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. वाट पाहू नका, उलटी करवू नका, रुग्णालय गाठा.

दमा असणाऱ्यांनी धुळीचे गठ्ठे मास्क लावून उघडावेत.

छंद कुठे संपतो?

संग्राहक वस्तू लावून ठेवतो, दाखवतो, एखादी बदलूनही घेतो. साठवणुकीच्या विकारात वस्तूंचे ढीग वाढतात, पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही आणि कागदाचा कपटा टाकायचा म्हटले तरी जीव कासावीस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात हा स्वतंत्र विकार आहे. उतारवयात हे नव्यानेच सुरू झाले असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडूनही तपासणी हवी. कर्ज काढून खरेदी होत असेल किंवा बिले लपवली जात असतील, तरी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

घरच्यांना एक विनंती. इमारत पुनर्विकासाला जाताना वडिलांची तिकिटे, नाणी, भोवरे त्यांच्या पश्चात भंगारात घालू नका. विकार असला तरी असे केल्याने तो बरा होत नाही, विश्वास मात्र जातो. नव्या घरात एक कपाट ठरवा आणि त्यात काय ठेवायचे ते त्यांनाच निवडू द्या.