जॅक द रिपर
लंडनच्या ईस्ट एंड भागातील व्हाइटचॅपल व लगतच्या वस्त्यांत १८८८ मध्ये स्त्रियांचे खून करणाऱ्या, कधीच न सापडलेल्या मारेकऱ्याला मिळालेले नाव. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळातील पाच खून सामान्यतः त्याचे मानले जातात. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या त्या पाच जणी. स्ट्राइड व एडोज यांना ३० सप्टेंबरच्या पहाटे तासाभराच्या अंतराने मारण्यात आले. एडोज यांचा मृतदेह ‘सिटी ऑफ लंडन’च्या स्वतंत्र पोलीस दलाच्या हद्दीत सापडल्याने तपास दोन दलांत विभागला गेला. त्याच रात्री गोलस्टन रस्त्यावर खडूने लिहिलेला ज्यूंविषयीचा मजकूर आढळला. दंगलीच्या भीतीने पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी तो छायाचित्र न घेताच पुसायला लावला.

‘जॅक द रिपर’ ही सही एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातली. ते पत्र बहुधा पत्रकारानेच रचले होते. तसे असेल तर हे नावच मुळात वृत्तपत्री धंद्याची उपज. १८९४ च्या एका पोलीस टिपणात ड्रुइट, कॉस्मिन्स्की व ऑस्ट्रॉग हे तीन संशयित नोंदले आहेत. ठोस पुरावा एकाविरुद्धही नाही.

मेरी बेलॉक लाउंड्स यांची ‘द लॉजर’ ही कादंबरी (१९१३), त्यावरचा हिचकॉकचा मूकपट (१९२७) आणि अ‍ॅलन मूर यांची चित्रकादंबरी ‘फ्रॉम हेल’ यांनी मारेकऱ्याभोवती गूढतेचे वलय उभे केले. बळी गेलेल्या स्त्रियांची आयुष्ये मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली. हॅली रूबनहोल्ड यांच्या ‘द फाइव्ह’ (२०१९) या ग्रंथाने ती सविस्तर मांडली; पाचांपैकी तिघी वेश्याव्यवसाय करीत असल्याचा पुरावा नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.